कारणाचा रकाना कशासाठी : एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

वृद्धनिवासात दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांची वेगळी वही ठेवावी आणि तिच्यात औषधाच्या नावाबरोबर ते कशासाठी सुरू केले, कोणत्या तारखेला थांबवायचे आणि रुग्णाचे वजन किती हेही लिहावे, असे मी मागच्या लेखात सुचवले होते. त्यावर आपण लिहिले आहे की, औषध ठरवणे हे डॉक्टरचे काम असून त्याचे कारण सिस्टरने वहीत टिपणे म्हणजे डॉक्टरवर पहारा बसवणे आहे. हे सारे अमेरिकी नियमांचे अनुकरण आहे, असेही आपण म्हणता. आणि आजोबा तापाने फणफणलेले असताना कागद रंगवत बसले तर त्यांचा जीव जाईल, अशी भीतीही आपण व्यक्त केली आहे. इंदूरच्या लोकमान्यनगर-सुदामानगर भागातल्या ज्या कुटुंबांना आपण वर्षानुवर्षे तपासत आला आहात, त्यांतले कितीतरी वृद्ध आज अशा निवासांत राहतात. त्यामुळे आपला आक्षेप अनुभवातून आलेला आहे हे मी जाणते, आणि म्हणूनच उत्तर जरा सविस्तर देते.

जिवाच्या धोक्याचा मुद्दा आधी घेते. श्वास वाढला आहे, रक्तदाब घसरला आहे, माणूस अचानक गुंगीत गेला आहे, अशा वेळी पहिला डोस आणि रुग्णवाहिका आधी, वही नंतर, याबद्दल आपल्यात मतभेद नाहीच. वहीचे खरे काम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तपासण्यांचे अहवाल हातात आल्यावर सुरू होते. आणि फणफणण्याचे म्हणाल, तर अतिवृद्ध माणूस पुष्कळदा फणफणतच नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा निवासांसाठी दिलेल्या निकषांनुसार तोंडात मोजलेले तापमान एकदा 100 अंश फॅरनहाइटच्या वर गेले, वारंवार 99 च्या वर राहिले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा 2 अंशांहून अधिक वाढले, तरी तो ताप समजायचा. एखाद्या आजींचे नेहमीचे तापमान 96.8 असते हे कुठे लिहिलेलेच नसेल, तर थर्मामीटरवर 99 पाहून मावशी ‘ताप नाही’ असेच सांगणार, आणि तिला दोषही देता येणार नाही. तेव्हा आपण ज्या धोक्याची भीती व्यक्त केलीत, तो ओळखण्यासाठीसुद्धा आधीची नोंद हाताशी असावी लागते.

माझ्या आग्रहाचे मूळ मात्र लघवीच्या तपासणीत आहे. प्रसंग आपल्या चांगलाच परिचयाचा असेल. आजी दोन दिवस चिडचिड करतात, ताट सरकवून देतात, लघवीला वास येतो. सिस्टर फोन करते, नमुना जातो, अहवालात पस सेल्स (पूपेशी) 15 ते 20 आणि कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू येतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफिक्झिम हे अँटिबायोटिक सुरू होते. पण अशा निवासांत दीर्घकाळ राहणाऱ्या स्त्रियांपैकी 25 ते 50 टक्के आणि पुरुषांपैकी 15 ते 40 टक्के जणांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात, आणि कॅथेटर (लघवीची नळी) कायमचा असेल तर जवळजवळ सर्वांच्याच. त्या जंतूंबरोबर पस सेल्सही येतात. म्हणजे तो अहवाल खरा असला तरी आजींच्या चिडचिडीचे कारण त्याने सिद्ध होत नाही. याच संघटनेच्या 2019 च्या सूचना सांगतात की जळजळ, ताप किंवा प्रकृती एकदम खालावल्याच्या खुणा नसताना केवळ गोंधळलेपण दिसत असेल, तर आधी इतर कारणे शोधावीत आणि लक्ष ठेवावे. पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठ, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, उतरलेले सोडियम किंवा साखर, ही ती नेहमीची कारणे. गोळ्यांच्या जोडीने मावशी आजींना आठवणीने पाणी पाजू लागते, आजी सुधारतात आणि श्रेय गोळीला मिळते, हेही आपण पाहिले असेलच.

आता वहीत ‘यूटीआय’ (मूत्रमार्गाचा संसर्ग) एवढेच लिहिले, तर तिसऱ्या दिवशी कोणालाच काही ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘लघवीला जळजळ, ताप 100.6’ किंवा ‘फक्त वास आणि चिडचिड’ असे लिहिले, तर कोणता कोर्स पुरा करायचा आणि कोणता थांबवण्याचा विचार करायचा हे आपल्यालाच फोनवरून सांगता येईल. कारण ठाऊक नसलेले औषध बंद करण्याचे धाडस कोणीच करत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘पुढे चालू ठेवावे’ असे लिहिलेली गोळी महिनोन्महिने चालू राहते ती याचमुळे. युरोपातील निवासांच्या 2016-17 च्या पाहणीत कोणत्याही एका दिवशी सुमारे 5 टक्के रहिवासी अँटिबायोटिके घेत होते, आणि त्यांतला चतुर्थांशाहून अधिक वापर निव्वळ प्रतिबंधासाठी, मुख्यतः लघवीच्या संसर्गाच्या धास्तीने होता.

वहीतला वजनाचा रकाना आपल्याला अनावश्यक वाटला. मी आयुष्यभर औषधांच्या खिडकीमागे काम केले आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. 82 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) 1.0 आले की अहवालावर ते ‘नॉर्मल’ म्हणून छापलेले असते. पण मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय आणि वजन घालून पाहिले तर ती मिनिटाला जेमतेम 31 मिलिलिटर भरते. लेवोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकाचा डोस तर ही क्षमता 50 च्या खाली गेली की लगेच बदलावा लागतो. आजींना शेवटचे कधी तोलले होते हे निवासात कोणालाच आठवत नसेल, तर हे गणित करायचे तरी कशावर?

अनुकरणाबद्दल थोडेच लिहिते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2015 मध्ये तिथल्या निवासांसाठी अँटिबायोटिकांच्या जपून वापराची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली, आणि नोव्हेंबर 2017 पासून सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या निवासांना अशा औषधांवर देखरेख ठेवणे बंधनकारक झाले, हे खरे आहे. वर्षभरात 70 टक्क्यांपर्यंत रहिवाशांना एकदा तरी अँटिबायोटिक मिळते, आणि त्यांतले 40 ते 75 टक्के अनावश्यक किंवा अयोग्य असू शकते, हे तिथलेच आकडे आहेत. ते इंदूरचे म्हणून मी दिलेले नाहीत. पण नोंदीची कल्पना आपल्याला परकी कशी? अनुसूची एच-1 (विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांची सरकारी यादी) मधल्या औषधांसाठी, ज्यांत सेफिक्झिम आणि लेवोफ्लॉक्सासिन येतात, आपल्या औषध दुकानदाराला 2014 पासून डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्या वहीत नसते ते फक्त कारण. आणि नातेवाईक दवा बाजारातून आणून आजोबांच्या उशाशी ठेवून जातात ती उरलेली अर्धी स्ट्रिप कोणत्याच वहीत नसते.

राहिला पहाऱ्याचा प्रश्न. कारण सिस्टरने स्वतःच्या मनाने लिहू नये, हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फोनवर डॉक्टर सांगतील ते तिने त्यांच्याच शब्दांत लिहावे, लगेच वाचून दाखवावे आणि डॉक्टरांनी पुढच्या भेटीत तिथे सही करावी. एका कोर्सला एक ओळ. मावशींच्या वेळेतून त्याला काहीही द्यावे लागत नाही. महिन्याच्या शेवटी करायची बेरीजही डॉक्टरांच्या नावाने नाही, तर निवासाच्या नावाने करावी. समजा 40 रहिवासी आहेत, म्हणजे 30 दिवसांत 1200 निवास-दिवस झाले. त्यांत सर्वांचे मिळून अँटिबायोटिक घेतल्याचे दिवस 60 असतील, तर दर हजार निवास-दिवसांमागे 50. हा आकडा इतर निवासाशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण एकाकडे चालते-फिरते लोक असतात आणि दुसऱ्याकडे अंथरुणाला खिळलेले. तो त्याच निवासाच्या मागच्या महिन्यांशी ताडावा, आणि एकाएकी वाढलेला दिसला तर आपल्यासारख्या डॉक्टरांनीच वही उघडून कारणाचा रकाना वाचावा. आपली हरकत नसेल, तर सहीचा रकाना घालून सुधारलेला नमुना मी याच आठवड्यात इथे देईन. कॅथेटर असलेल्यांसाठी वेगळी ओळ हवी की त्यांच्या नावापुढे केवळ खूण पुरेल, एवढे मात्र आपण कळवावे.