आतड्यातलं सेरोटोनिन डोक्यात पोचत नाही

गेले तीन आठवडे एकच मेसेज फिरतोय. आधी पेठेच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. परवा तर एका गिऱ्हाइकाने माझ्याच काउंटरवर मोबाईल पुढे केला. "डिप्रेशन हा मेंदूचा नाही, पोटाचा आजार आहे" अशी सुरुवात. पुढे दावे असे: शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, आनंदाचं रसायन सेरोटोनिन ९५ टक्के आतड्यात बनतं, पोटातले जिवाणू बिघडले की डिप्रेशन येतं हे विज्ञानाने सिद्ध केलंय, आपले आजे-पणजे ताक-आंबील पीत म्हणून त्यांना हा आजार ठाऊकच नव्हता, तेव्हा गोळ्या बंद करा आणि २१ दिवस अनशापोटी ताक, आंबील घ्या. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण कोण कुठली स्ट्रिप दर महिन्याला नेतं आणि कोण न्यायचं थांबलं, हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. म्हणून हा खटाटोप.

दहापटीचं आधी उरकतो. हा आकडा जुना आहे आणि कुणीतरी अंदाजाने मांडलेला. २०१६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी नीट हिशेब केला, तेव्हा जिवाणू साधारण ३८ लाख कोटी आणि माणसाच्या पेशी ३० लाख कोटी निघाल्या. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं वजन भरलं पावशेराच्या आत. यावर डिप्रेशनचं काही ठरत नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने किती तपासून लिहिलंय ते समजतं.

आता सेरोटोनिन. इथे मेसेज खरा आकडा सांगून खोटं बोलतो. शरीरातलं ९० ते ९५ टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे बरोबर. पण तिथे त्याचं काम आनंद देण्याचं नाही, आतडं हलवण्याचं आहे. अन्न पुढे सरकवणं, पाझर सोडणं, काही विषारी पोटात गेलं तर मळमळ उठवणं. उरलेलं रक्तातल्या प्लेटलेट्स उचलतात. रक्त आणि मेंदूच्या मध्ये जो पहारा आहे, त्यातून ते आत जात नाही. मेंदू स्वतःला लागेल तेवढं सेरोटोनिन स्वतःच बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या कच्च्या मालापासून. हा कच्चा माल अन्नातून येतो, शेंगदाण्यातही असतो. (हे लिहिताना भीती वाटते. उद्या 'शेंगाचटणी खा, डिप्रेशन पळवा' असा मेसेज माझ्याच नावाने फिरायचा.)

पटत नसेल तर माझ्या कपाटातली दोन उदाहरणं देतो. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन देतात. लहान लेकरापासून केमो घेणाऱ्या पेशंटपर्यंत, रोज विकली जाणारी गोळी. ती सेरोटोनिनचाच निरोप अडवते, आणि त्यातला मोठा भाग आतड्यातून निघालेला असतो. पोटातलं सेरोटोनिन म्हणजे आनंद असता, तर ही गोळी घेणारं प्रत्येक लेकरू दुपारभर रडत बसलं असतं. दुसरं उदाहरण उलट बाजूचं. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनचा असर वाढवतात, आणि पहिल्या आठवड्यात पेशंट तक्रार घेऊन येतो ती मळमळीची, पातळ जुलाबाची. आतड्याला ते ताबडतोब कळतं. मनाला फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. कार्सिनॉइड म्हणून एक दुर्मिळ गाठ असते, ती रक्तात सेरोटोनिनचा पूर सोडते. त्या पेशंटचा चेहरा लालबुंद होतो, जुलाब लागतात. आनंदी होतो असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

याचा अर्थ पोट आणि मेंदू एकमेकांशी बोलत नाहीत असा नाही. बोलतात. व्हेगस नावाची लांब नस आहे, प्रतिकारशक्तीचे निरोप आहेत, जिवाणू तंतुमय अन्न आंबवून जी आम्लं बनवतात तीही आहेत. आणि 'सिद्ध झालंय' हा शब्द इथेच घोटाळा करतो.

२०११ मध्ये आयर्लंडमधल्या संशोधकांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस या जिवाणूची एक जात खाऊ घातली. उंदीर कमी घाबरट झाले. व्हेगस कापली की परिणाम गायब. फार सुंदर प्रयोग. जगभर बातम्या झाल्या, आणि आपल्या मेसेजची नाळ अशाच बातम्यांना जोडलेली आहे. पण त्याच गटाने तोच जिवाणू पुढे २९ निरोगी पुरुषांना दिला आणि २०१७ मध्ये निकाल छापला: खोट्या, म्हणजे आत औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा काहीही जास्त नाही. ही बातमी मात्र कुणाच्या ग्रुपवर आली नाही.

२०१६ मध्ये डिप्रेशनच्या पेशंटच्या विष्ठेतले जिवाणू उंदरांत सोडले, तर उंदरांचं वागणं बदललं. हेही खरं. पण उंदीर निराश झालाय हे ठरवायचं कसं? तो गोड पाण्याकडे कमी जातो का, उघड्या जागेत यायला कचरतो का, यावरून. कर्जाचा हप्ता थकलेला, रात्री तीनला डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघणारा माणूस त्या पिंजऱ्यात मावत नाही.

माणसांवरचा मोठा अभ्यास बेल्जियममधला, २०१९ चा. १०५४ लोक. डिप्रेशन असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर या दोन जातींचे जिवाणू कमी सापडले, गोळ्यांचा हिशेब वजा करूनही. दखल घ्यावी असंच आहे. पण आधी काय झालं? ज्याचं मन बसलंय तो जेवत नाही, नाहीतर रात्री उठून फरसाण संपवतो. झोप मोडलेली, हालचाल बंद, पोट साफ नाही. जिवाणूंचं रान त्यानेही बदलतं. औषधांनीही बदलतं: २०१८ मध्ये हजारावर औषधं आतड्यातल्या ४० जिवाणूंवर तपासली, तर अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकीही जवळपास चौथा हिस्सा कुठल्या ना कुठल्या जिवाणूची वाढ रोखणारा निघाला. पाऊस आला म्हणून छत्री उघडली की छत्री उघडली म्हणून पाऊस आला, एवढं ठरायचं बाकी आहे. आणि मेसेजवाला छत्र्या जप्त करायला निघालाय.

आजे-पणजे. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या खात्यातला एकजण गिरणी बंद पडल्यावर घराच्या ओट्यावर बसला तो दोन वर्षं उठला नाही, असं आजी सांगायची. भाकरी समोर ठेवली तर खायची, नाहीतर नाही. 'बाहेरचं लागलंय' म्हणून त्याला देवऋषाकडे नेलं, उतारे टाकले. आंबील त्याच्याही घरी होती. आजार होता, नाव नव्हतं, एवढंच.

आता शेवटचा दावा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. 'गोळ्या बंद करा.'

मोबाईल दाखवणारं ते गिऱ्हाईक टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. चार महिने नियमाने चिठ्ठी घेऊन येत होता. माणूस बोलायला लागला होता, एकदा तर काउंटरवर हसलाही. त्या दिवशी म्हणाला, "मालक, गोळी बंद केलो मी. ताक चालू केलो. बारा दिवस झाले." मग हळूच: "पण डोक्यात मधेच करंट मारल्यासारखं होतंय. चक्कर यायलीय. ते पोटातलं विष निघायलंय म्हणे."

विष वगैरे काही नाही. या गोळ्या एकदम तोडल्या की काहींना हेच होतं: चक्कर, झिणझिण्या, डोक्यात करंट, चिडचिड, झोपेचं खोबरं. व्यसनासारखी ओढ नसते, पण शरीराला सावरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. ही लक्षणं बहुतेकांची पुढे ओसरतात. त्यानंतर आजार परतला तर तो आठवड्या-महिन्यांनी परततो, आणि तोवर २१ दिवसांचा मेसेज कुणाला आठवत नाही. गोळ्या सगळ्यांना सारख्या लागू पडत नाहीत, कुणाला बदलून द्याव्या लागतात. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून डिप्रेशन, ही सोपी गोष्ट आता संशोधकही तशी सांगत नाहीत. पण २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला, त्यात २१ औषधांपैकी प्रत्येक औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. ताकाच्या बाजूने असा एकही कागद नाही.

आणि जे कागद जवळपास जातात ते काय सांगतात? लंडनमध्ये ४९ पेशंटवर आठ आठवडे चाचणी झाली, काहींना प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी मानलेले जिवाणू, आणि बाकीच्यांना खोटी गोळी; निकाल २०२३ चा. थोडा फायदा दिसला. पण ते सगळे डिप्रेशनची गोळी आधीपासून घेत होते, प्रोबायोटिक वरून जोडलं होतं. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ जणांवर आहाराची चाचणी झाली: भाज्या, डाळी, कडधान्यं, अख्खं धान्य. बारा आठवड्यांनी आहार बदललेल्यांत सुमारे ३२ टक्के बरे झाले, नुसती सोबत मिळालेल्यांत ८ टक्के. तिथेही बहुतेकांचे उपचार चालूच होते. अभ्यास छोटे आहेत, आशेचे आहेत. पण 'गोळी सोडा' हे एकातही नाही. ज्या देशात, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, तिथे पोचलेल्यांनाही हाकलायचं म्हणजे कमाल झाली.

पोटाचा संबंधच काढायचा असेल तर एक सांगतो, जो मेसेजमध्ये नाही. बी-१२ कमी पडलं की थकवा, मुंग्या, विसर आणि मन खचणं, सगळं येऊ शकतं. ते पोटातूनच शोषलं जातं. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतं, आणि 'पित्ताची' म्हणून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं पँटोप्राझोल गिळणाऱ्यांतही. माझ्या दुकानात ती गोळी मागणारे दिवसाला पंधरा येतात. जोडीला शाकाहार असला तर बघायलाच नको. थायरॉईड बिघडला तरी मन खचू शकतं. रक्त तपासलं की दोन्ही कळतं. यावर मेसेज करा ना कुणीतरी.

त्या गिऱ्हाइकाला मी त्याच्या डॉक्टरांना माझ्याच फोनवरून फोन लावून दिला. दवाखान्यात जाणं जमत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर बोलता येतं, तेही चिठ्ठीमागे लिहून दिलं. चार दिवसांनी त्याची बायको स्ट्रिप न्यायला आली. पैसे देता देता विचारलं, "भाऊ, मग ताक बंद करू का त्यांचं?"

"नाही हो वहिनी, ताक असू दे. भाकरीबरोबर असू दे. उन्हाळा आलाय."