प्रतिभाताई शिवसेनेच्या मतांमुळे जिंकल्या नव्हत्या

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की एक दावा हमखास फिरू लागतो. 2007 साली उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत राष्ट्रपती होणारच होते. पण शिवसेनेने व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) झुगारून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभा पाटील यांना मतं दिली आणि उपराष्ट्रपतींना बढती देण्याची परंपरा मोडली.

शेखावतांच्या मागे उभ्या असलेल्या भाजपच्या एनडीए आघाडीत असूनही सेनेने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला, एवढं खरं. पुढचं गणित मात्र साफ चुकीचं आहे.

या निवडणुकीत आमदार-खासदार मतं देतात आणि प्रत्येक मताला ठरलेलं मूल्य असतं. पाटील यांना 6,38,116 मतमूल्य मिळालं, शेखावतांना 3,31,306. फरक 3,06,810. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 होतं, खासदाराचं 708. आता सेना सोडा, अख्खा महाराष्ट्र घ्या. 288 आमदारांचे होतात 50,400. लोकसभेचे 48 आणि राज्यसभेचे 19 खासदार मिळून 47,436. बेरीज 97,836. ही सगळीच्या सगळी मतं पाटील यांच्याकडून काढून शेखावतांना दिली, तर फरक दुपटीने, म्हणजे 1,95,672 ने कमी होतो. तरीही प्रतिभाताई एक लाखाहून जास्त मतमूल्याने पुढेच राहतात! त्यांच्यामागे काँग्रेस आघाडी आणि डावे होतेच, शिवाय मे महिन्यात उत्तर प्रदेश जिंकलेली बसप होती. तिथल्या एका आमदाराचं मूल्य 208.

व्हिपचं तर बोलायलाच नको. राष्ट्रपतिपदाचं मतदान गुप्त असतं, त्यात पक्षाला व्हिप काढताच येत नाही.

बढतीची परंपराही पक्की कधीच नव्हती. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, व्यंकटरमण, शर्मा, नारायणन उपराष्ट्रपतिपदावरून थेट वर गेले. पाठक, जत्ती, हिदायतुल्ला गेले नाहीत. 2002 मध्ये कृष्णकांत उपराष्ट्रपती असताना खुद्द एनडीएनेच कलामांना उभं केलं होतं.

1962 पासून विधानसभेत निवडून येत राहिलेल्या, पुढे राजस्थानच्या राज्यपाल झालेल्या बाईंचा विजय एका पक्षाच्या मेहेरबानीच्या खात्यावर मांडणं मला अन्यायाचं वाटतं.

थोड्या मतांवर लटकलेली लढत हवी असेल तर 1969 ची बघा. उपराष्ट्रपतिपद सोडून अपक्ष उभे राहिलेले गिरी पहिल्या फेरीत 4,01,515 वर होते, संजीव रेड्डी 3,13,548 वर. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, 1,12,769. त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींकडे गेली आणि गिरींची आघाडी 14,650 वर आली.