आधी पूल काढून टाका

ऐतिहासिक युद्धपट काढायचं तुमच्या मनाने घेतलंय, हे फार बरं झालं. निर्माता गळाला लागलाय, घोडे ठरलेत, नायकाने दाढी वाढवायला घेतलीय. आता राहता राहिला इतिहास. त्याची विल्हेवाट कशी लावायची, तेवढं मी सांगतो.

पुलापासूनच सुरुवात करू. 11 सप्टेंबर 1297 रोजी स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या पुलावर लढाई झाली. पूल लाकडी आणि इतका अरुंद की दोन घोडेस्वार शेजारी-शेजारी जेमतेम मावावेत. पलीकडे उंचावर विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे माणसं घेऊन टपून बसलेले. इंग्रजांचं काही पायदळ पहाटेच पूल ओलांडून गेलं, पण त्याला परत बोलवावं लागलं, कारण सेनापती अर्ल ऑफ सरे अजून झोपेत होते. मग साहेब उठले आणि फौज पुन्हा पुलावर चढली. आपल्याला झेपतील एवढे शत्रू येऊ द्यायचे आणि मग पुलाचं तोंड दाबायचं, असा पलीकडच्यांचा बेत होता. त्यांनी तेवढेच येऊ दिले आणि तोंड दाबलं. आलेले अडकले, राहिलेले अलीकडच्या काठावरून बघत बसले. खलास.

याच लढाईवर 1995 साली ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये प्रसंग बेतला गेला. त्यात पूल नाही. मोकळं हिरवं मैदान, समोरासमोर दोन फौजा आणि मध्ये भरपूर वारा. अँड्र्यू मरेही नाही. या लढाईतल्या जखमांनीच तो पुढे वारला असं मानतात, पण मुळात पडद्यावर आलाच नाही म्हटल्यावर जखमांचा खर्चही वाचला. उलट स्कॉटलंडात ज्या किल्टचा पत्ता पुढची तीनेकशे वर्षं लागत नाही, तो सगळ्यांच्या अंगावर आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुलाला काय मिळालं?

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या: ज्या गोष्टीमुळे लढाईचा निकाल लागला, ती आधी हुडकून काढा आणि कापा. पूल, ओढा, धुकं, चुकलेली वाट, न उठलेला सेनापती. ही मंडळी फ्रेममध्ये शिरली की नायकाने करायला काही उरत नाही. पाचशे रुपये मोजून आलेला प्रेक्षक अर्ल ऑफ सरेंची झोप कशाला बघेल? तो घरी स्वतःची बघतोच.

कारण कापलं की तिथे भगदाड पडतं. त्यात सूड भरायचा. यासाठी बालाक्लाव्हाचा धडा गिरवा. 25 ऑक्टोबर 1854, क्रिमियाचं युद्ध. इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर. तिथून त्यांना दिसलं की रशियन सैनिक काबीज केलेल्या तोफा ओढून नेताहेत. त्यांनी चिठ्ठी पाठवली: शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. चिठ्ठी मिळाली ती खाली खोऱ्यात उभ्या असलेल्या घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड ल्यूकनना, आणि खोऱ्यातून त्या तोफा दिसतच नव्हत्या. कुठल्या तोफा, असं विचारल्यावर चिठ्ठी घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात असा हवेत फेकून दाखवला. ल्यूकनना दिसत होत्या त्या एकाच ठिकाणच्या तोफा, खोऱ्याच्या टोकाला आ वासून बसलेल्या. ल्यूकन आणि लाइट ब्रिगेड या हलक्या घोडदळाचा प्रमुख लॉर्ड कार्डिगन हे मेहुणे-मेहुणे, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. त्यामुळे दोघांनी बसून जरा नीट विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. साडेसहाशेच्या वर घोडेस्वार तीन बाजूंच्या मारात शिरले.

एक मोघम वाक्य, एक हातवारा आणि एक घरगुती भांडण. कोणी लिहून दिलं तर ‘फार योगायोग आहेत’ म्हणून परत पाठवाल. म्हणून हॉलिवूडने 1936 साली ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ काढून ही चूक दुरुस्त केली. त्या चित्रपटात नायक स्वतःच हुकूम बदलतो, कारण ज्याने हिंदुस्थानात आपल्या लोकांची कत्तल केली तो सुरत खान नावाचा खलनायक नेमका रशियनांच्या गोटात जाऊन बसलाय! असा कोणी सुरत खान इतिहासात नाही. असता तरी त्याला क्रिमियाला जायचं काही कारण नव्हतं. पण हल्ला कसा अर्थपूर्ण झाला बघा. हातवाऱ्यापायी माणसं मेली हे कोणाला सहन होईल?

त्याच चित्रपटात घोडे पाडण्यासाठी पुढच्या पायांना तार बांधायची, तिचं दुसरं टोक जमिनीत रोवायचं आणि भरधाव सोडायचं, अशी युक्ती वापरली. घोड्याला माहीत नसायचं की तार कुठे संपते. बरेच घोडे मेले. लोक इतके खवळले की पुढे हॉलिवूडला प्राण्यांवर देखरेख स्वीकारावी लागली. या परिच्छेदात माझ्याकडे तुमच्यासाठी सल्ला नाही.

आता ड्रोन. ड्रोनशिवाय युद्धपट म्हणजे अक्षतांशिवाय लग्न. टॉप अँगलने दोन्ही फौजा दाखवा, डावी बगल, उजवी बगल, मागची राखीव तुकडी, सगळं बुद्धिबळासारखं लख्ख. एवढंच की एकदा असं वरून दाखवलं की ल्यूकनना तोफा का दिसल्या नाहीत, हे प्रेक्षकाला जन्मात कळणार नाही. त्याला तर दिसताहेत! मग तो म्हणेल, सेनापती मठ्ठ होता. म्हणू दे. रणांगणावर कोणाला काय दिसत होतं हा प्रश्न एकदा विचारायला लागलात, तर धुराचाही विचार करावा लागेल. जुन्या काळ्या दारूचा पांढरा दाट धूर असा साचायचा की दोन-चार फैरींनंतर समोरचा आपला की परका, हे अंदाजाने ठरवावं लागे. तुमच्या नायकाचा जबडा अंदाजाने ओळखायचा का? मग झालं तर. धूर पातळ, मागून प्रकाश, आणि नायकाच्या आजूबाजूला तर मुळीच नको.

शिरस्त्राणाचंही तेच. ज्याला जगायचं आहे तो माणूस लढाईत सगळ्यांत आधी डोकं झाकतो. तुमचा नायक सगळ्यांत आधी डोकं उघडं करतो. केस उडाले पाहिजेत.

तोफांबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण इथे पैसा आहे. तोफेचा गोळा पडला की पेट्रोलचा भडका, त्यात चार माणसं कोलांट्या घेत आभाळात. हे ठरलेलं. खरा गोळा बहुधा भरीव लोखंडाचा असे. तो फुटत नसे. जमिनीवर आपटायचा, उसळायचा, पुन्हा आपटायचा, आणि वाटेत येईल ते तोडत रांगेच्या पार जायचा. आता हा गोळा कडक जमिनीवर उसळतो, चिखलात रुततो. 18 जून 1815 ला वॉटर्लूवर नेपोलियनने हल्ला सुरू करायला जवळजवळ दुपार केली. आदल्या रात्री धो-धो पाऊस झाला होता आणि तोफा हलवायला, गोळे उसळायला जमीन वाळायला हवी होती. जमीन वाळली, पण तेवढ्या वेळात इंग्रजांच्या मदतीला निघालेले ब्लूखरचे प्रशियन जवळ येत गेले, आणि संध्याकाळी ते येऊन थडकल्यावर युरोपचा नकाशा बदलला.

म्हणजे बघा, सम्राट माती वाळायची वाट बघतोय. पूर्ण सकाळ. तुम्ही हे कसं दाखवणार? माती वाळण्याचा टाइमलॅप्स?

एका माणसाने या चिखलाचा ध्यास घेतला होता. सर्गेई बोंदार्चुक. 1970 च्या ‘वॉटर्लू’साठी त्याने युक्रेनमध्ये दोन टेकड्या सपाट केल्या, राय नावाचं धान्य पेरलं, झाडं आणून लावली, आणि चिखल हवा म्हणून जमिनीखालून मैलोगणती नळ घातले. सोव्हिएत लष्कराचे पंधरा हजारांच्या आसपास खरे सैनिक गणवेश घालून उभे केले, शिवाय घोडदळ वेगळं. घोडदळाच्या लाटा पायदळाच्या चौकोनांभोवती फुटतात तो वरून घेतलेला शॉट पाहिलात तर जेवण विसराल. (हो, वरूनच घेतलेला. माणसाचं सगळंच बरोबर कसं असेल.) आणि मग चित्रपट पडला. असा पडला की नेपोलियनवर दुसऱ्या एका मोठ्या दिग्दर्शकाचा चित्रपट व्हायचा होता, त्याचे पैसेही आटले. तेव्हा निर्मात्यासमोर चिखल हा शब्द काढू नका. त्याला ही गोष्ट माहीत असते. बाकी इतिहास माहीत नसतो.

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर पानिपत. काही झालं तरी शेवटी तुम्ही त्यावर येणारच. 1760 च्या नोव्हेंबरपासून 14 जानेवारी 1761 पर्यंत मराठ्यांची छावणी पानिपतात कोंडलेली होती. लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे. रसदेची सगळी भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले हे वयस्क वसुली अधिकारी डिसेंबरात अचानक आलेल्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर छावणीत दाणा आणि वैरण कशी येणार होती? उपाशी माणसं उपाशी घोड्यांवर बसून 14 जानेवारीला बाहेर पडली, ती लढाई जिंकण्याइतकीच कोंडी फोडण्यासाठी. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुकांनी सकाळी रोहिल्यांना भाजून काढलं, पण मग आपल्याच काही सरदारांनी रचना मोडून पुढे धाव घेतली आणि गारद्यांच्या तोफांचं तोंड बंद झालं. दुपारनंतर अब्दालीने राखीव फौज सोडली, उंटांवरच्या जंबुरक्यांसकट, म्हणजे लहान तोफांसकट. हे सगळं तो मागे राहून करत होता.

यातलं तुमच्या कामाचं काय? काहीच नाही. भूक दाखवायची तर नट बारीक करावा लागतो आणि त्याने आताच सहा महिने घालून दंड कमावलेत. गव्हाच्या गोण्यांना क्लोज-अप शोभत नाही, आणि वसुली अधिकाऱ्याच्या मरणावर इंटरव्हल घेता येत नाही. रचना मोडणं दाखवायचं तर आधी रचना दाखवावी लागेल, आणि युद्धपटात रचना फक्त ‘आक्रमण’ म्हणेपर्यंत टिकते; त्यानंतर प्रत्येकाने आपापला शत्रू निवडून गोल-गोल फिरायचं असतं. अब्दाली मागे बसला होता हे तर फारच गैरसोयीचं. त्याला उठवा, घोड्यावर बसवा आणि भाऊंसमोर आणून उभा करा. दोघांनी एकमेकांकडे रोखून बघायचं. पाऊस पाडा. जानेवारी आहे? असू दे.

लढाईच्या आधीचं भाषण विसरू नका. वीस हजारांसमोर, माइकशिवाय, घोडा डावीकडून उजवीकडे नाचवत. शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन्‌शब्द पोचतो आणि तीही अचूक जागी गर्जना करते. भाषण चालू असताना तिरंदाजांनी धनुष्यं ताणून धरलेली असावीत. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज जहाजावर लाकडी धनुष्यं सापडली, त्यांची ओढ शंभर ते एकशे पंच्याऐंशी पौंडांच्या घरातली निघाली. म्हणजे एक अख्खा माणूस तीन बोटांवर तोलून धरल्यासारखं. असं धनुष्य ओढलं की सोडायचंच असतं. पण तुमच्याकडे ‘थांबा… थांबा…’ हा संवाद आहे, तो वाया घालवायचा नाही. बाणांची टोकं पेटवलेली असतील तर उत्तम. दिवसाउजेडी असली तरी.

मध्येच कोणी जाणकार तुम्हाला जपानी दिग्दर्शक कुरोसावाचं उदाहरण देईल. त्याने ‘रान’ (1985) मध्ये किल्ल्यावरच्या हल्ल्याचा सगळा आवाज काढून टाकला. ओरडणं नाही, टापा नाहीत, नुसतं संगीत, आणि खाली माणसं तुटताहेत. मग एका गोळीसरशी आवाज परत येतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोणता सरदार कोणाच्या बाजूचा हे विसरून गेलो होतो. तुम्हाला हे परवडणारं नाही. तुमचा प्रेक्षक बाजू विसरला तर शिट्टी कोणासाठी मारेल? ढोल वाढवा.

शेवटी क्राउड. पुढच्या दोन रांगांना चामडी चिलखतं, बाकीच्यांना रंगवलेला रबर, त्यापलीकडचे कॉम्प्युटरवर. मागच्या रांगेत एक माणूस हमखास असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. पहाटे चारचा कॉल टाइम होता, आता दुपारचे दोन वाजलेत. नाश्ता त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. भाला धरून खांदा गेलाय. धुराच्या मशीनमुळे डोळे चुरचुरताहेत आणि पुढे काय चाललंय ते दिसत नाही. सकाळी तो एका फौजेत होता, जेवणाच्या सुट्टीनंतर पोशाख बदलून दुसऱ्या फौजेत. कर्ण्यावरून कोणीतरी काहीतरी ओरडतं, ते शब्द त्याच्यापर्यंत येईतो विरून जातात. शेजारचा पळाला की तो पळतो. थांबला की थांबतो. मध्येच वळून आलेल्या वाटेकडे बघतो.

एडिटला बसाल तेव्हा तो तुम्हाला नेमका सापडेल, एखाद्या वाइडच्या कोपऱ्यात, भाला टेकवून उभा. लगेच कापा. सगळा शॉट खोटा वाटतो त्याच्यामुळे.