मूठ वर, मी खाली

डॉक्टर "जरा हालचाल ठेवा" म्हणाले, तेव्हा त्यांना तलावाभोवतीच्या फेऱ्या अभिप्रेत असणार. मी बांबू उडी निवडली, म्हणजे लांब काठीच्या, पोलच्या, आधारानं आडव्या दांडीवरून उडी. वय ४३. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या तोलत चालणारी माणसं लहानपणापासून बघितलेली, त्यामुळं काठी सोलापूरकराच्या रक्तातच असते असा माझा समज. त्यात २०२५ साली बांबू उडीतला विश्वविक्रमवीर डुप्लांटिसनं टोकियोत ६.३० मीटर मारल्याचा व्हिडिओ बघितला. म्हटलं, त्याच्या निम्मं तरी जमेल की! महिन्याभरात तीन मीटर, असं घरात जाहीरही केलं.

"आधी माळ्यावरची परात काढून द्या," बायको म्हणाली.

मैदानावर पहिल्याच दिवशी सरांनी (वय फार तर सव्वीस) विचारलं, "काका, वजन किती?"

"बहात्तर."

"खरं सांगा. पोलवर वजन लिहिलेलं असतं. हलक्या माणसाचा पोल घेतलात तर मोडेल."

आजूबाजूची पोरं कान टवकारून उभी. "चौऱ्याऐंशी," मी पुटपुटलो. "किती?" सरांना ऐकू आलं नाही. मैदानाला आलं.

पहिला आठवडा नुसतं पोल घेऊन चालणं. पोल तसा पिशवीभर कांद्याइतकाही जड नाही, पण एका टोकाला धरला की पुढचं टोक जमिनीकडं असं ओढ घेतं, जणू तिथं कुणीतरी लोंबकळतंय. घरी सरावाला कपडे वाळत घालायची काठी घेतली. शेजारच्या अण्णांच्या गॅलरीतली तुळस थोडक्यात वाचली.

मग वाळू. उजवा हात वर, डाव्या पायावर उडी, पोलच्या उजवीकडून पुढं. एवढंच. माझा मात्र ऐन वेळी उजवा पायच उडायचा आणि मी पोलभोवती गिरकी घेऊन सरांकडं तोंड करून उतरायचो. पंधरा दिवस. बनियनमधली वाळू बायकोनं एकदा तव्यावर झटकून दाखवली, फुटाणे भाजायला पुरली असती.

पोलवर मूठ जितकी वर धरीन तितका उंच जाईन, हे माझं गणित. सरांनी ऐकलं नाही म्हणून त्यांची पाठ फिरल्यावर हातभर वर धरली. धावण्यात तेवढा जोर नसला तर पोल उभाच राहत नाही, हे तेव्हा कळलं. चढावर बंद पडलेल्या लुनासारखा तो मधेच थबकला, विचार केला आणि मला घेऊन आला तिथंच परत आला. पाठीतून कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज झाला.

महिन्यानं गादी मिळाली आणि रनवेच्या टोकाचा, पोल रोवायचा तो बॉक्स. एक मीटर लांब, शेवटाला वीस सेंटिमीटर खोल. हात वर जायला क्षणभर उशीर झाला आणि पोल त्यात आदळला, की खांद्यापासून दाढेपर्यंत झटका. सकाळची शेंगाचटणी दातातून निघाली ती अशी. आणि टीव्हीवर तो पोल कसा धनुष्यासारखा वाकतो! आमचा वाकत नाही. नवशिक्याची मूठ खाली, वेग बैलगाडीचा, मग तो कशाला वाकेल? वाकतो मी.

दीड महिन्यानं सरांनी रबराची दोरी बांधली. १.२० मीटर. पाच पावलं धावलो, डावा पाय (हो, डावा!) उचलला आणि गादीवर पडलो. दोरी जागेवर! मी ओरडलोच. तेवढ्यात शेजारच्या उंच उडीतली सातवीतली पोरगी मोकळ्या हातांनी तीच दोरी ओलांडून पाणी प्यायला गेली.

सर मात्र खूश. दोरीकडं त्यांचं लक्षच नव्हतं. पोलवरची चिकटपट्टी दाखवत म्हणाले, "काका, पहिल्या दिवसापेक्षा दोन मुठी वर धरताय. सुरुवातीला हेच मोजायचं."

घरी ऐटीत सांगितलं, "दोन मुठी वर गेलो."

बायकोनं माळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्टूल आणून ठेवलं.