हरण्याआधीचा अभ्यास

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार जवळ आला की मेलबर्नमध्ये वर्षभर घोड्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं घोड्याच्या मागच्या पायाच्या ठेवणीबद्दल बोलू लागतात. त्या दिवशी शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी असते. निमित्त मेलबर्न कप, म्हणजे घोड्यांची एक शर्यत: फ्लेमिंग्टनचं मैदान, 3200 मीटर अंतर, जास्तीत जास्त 24 घोडे आणि साधारण साडेतीन मिनिटांच्या आत सगळा खेळ खलास. एवढ्या वेळात पैसे घालवायला काय, कुणीही घालवेल. तुम्ही मात्र विचारी माणूस आहात. तुम्ही अभ्यास करून घालवणार. तेव्हा वही घ्या.

कप ही हँडीकॅप शर्यत, तेव्हा आधी हँडीकॅप म्हणजे काय ते समजून घ्या. ज्या घोड्यानं आजवर नाव कमावलं त्याच्या पाठीवर जास्त वजन, ज्यानं काहीच कमावलं नाही त्याच्या पाठीवर कमी. पण 50 किलोच्या खाली कुणालाच नाही. जॉकी हलका भरला तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या देऊन आकडा पुरा करतात. हे वजन ठरवणारा तो हँडीकॅपर. घोड्यांच्या धावा बघणं हीच त्याची नोकरी, आणि स्वप्न एकच, की सगळे घोडे एकाच क्षणी रेषेवर पोचावेत. म्हणजे कोण जिंकणार हे कुणालाच सांगता येऊ नये म्हणून एक जाणकार माणूस पगार घेऊन राबतो, आणि तुम्ही सोमवारी रात्री जेवणं आटोपल्यावर वीस मिनिटांत त्याला खोटं पाडणार. शाब्बास. ही जिद्द टिकवा, पुढे लागेल.

वजनाच्या बाबतीत जाणकारांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, सगळ्यात जास्त वजन ज्याच्यावर, तोच सगळ्यात चांगला घोडा. हँडीकॅपरनं स्वतःच सांगितलंय, मग शोधायचं काय? या पंथाचं दैवत कार्बाइन नावाचा घोडा. 1890 साली त्यानं जवळजवळ 66 किलो वाहून, 39 घोड्यांच्या गर्दीतून कप नेला. दुसरा पंथ म्हणतो, ओझ्यानं घोडा मरतो. त्यांचा पुरावा ‘फार लॅप’ नावाचा घोडा. 1930 साली तो जिंकला, पुढच्या वर्षी पाठीवर 68 किलो दिले आणि गडी आठवा आला. तुम्ही कोणता पंथ धरावा? आधी घोडा पसंत करा, मग त्याच्या वजनाला शोभेल तो पंथ धरा. बहुतेक लोक हेच करतात, फक्त क्रम उलटा सांगतात.

आणि मकायबी दिवा या घोडीचा विषय कुणी काढलाच तर पाणी प्यायला उठा. 2003 साली ती 51 किलो घेऊन जिंकली. हँडीकॅपरनं 2004 साली साडेपंचावन्न किलो दिले, जिंकली. 2005 साली 58 दिले, तरी जिंकली. अशा प्राण्यांमुळे शास्त्राचं फार नुकसान होतं.

आता फॉर्म. घोड्याच्या नावापुढे आकड्यांची माळ असते, मागच्या शर्यतींत कितवा आला त्याची. ती वाचताना न्यायाधीश होऊ नका, वकील व्हा. आपला घोडा नववा आला असेल तर तो कोंडला गेला होता, वाट मिळाली नाही. अकरावा आला असेल तर ती शर्यत जिंकायची नव्हतीच, कपासाठी अंगात धाव भरायची होती. शेवटून दुसरा आला असेल तर उत्तमच: भाव चढेल. दुसऱ्याचा घोडा मात्र पहिला आला असला तरी प्रतिस्पर्धी कोण होते ते विचारा, आणि भुवई थोडी वर ठेवा.

खरी गोम अंतरात आहे. ऑस्ट्रेलियात 3200 मीटरच्या शर्यती मोजक्याच, त्यामुळे उमेदवारांपैकी बऱ्याच जणांची कामगिरी 2000 नि 2400 मीटरवरची असते. नाश्त्यावरून उपासाची ताकद ओळखण्यातला हा प्रकार. लांब पल्ल्याला मुरलेले घोडे युरोपातून येतात, पण ते विमानातून उतरून परक्या गवतावर, उलट्या ऋतूत धावणार. म्हणजे ज्याला मैदान माहीत त्याला अंतर माहीत नाही, नि ज्याला अंतर माहीत त्याला मैदान. तुम्हाला दोन्ही माहीत नाही, तेव्हा निदान तुमची नजर तरी निष्पक्ष आहे.

गेट नंबरही बघा, म्हणजे शर्यत सुटताना घोडा कितव्या कप्प्यात उभा असेल ते. 18 नंबरच्या गेटमधून सुटलेला घोडा आजवर कप जिंकलेला नाही, हे वाक्य तुम्हाला दरवर्षी किमान चार जण सांगतील, आवाज खाली आणून. त्यांच्याकडे गंभीरपणे पाहा. घोड्याला आकडे वाचता येत नाहीत, हा मुद्दा अशा वेळी काढू नये. मैदान किती ओलं आहे तेही एक ते दहाच्या पट्टीवर जाहीर होतं: एक म्हणजे टणक, दहा म्हणजे चिखल. मेलबर्नचं हवामान एका दिवसात चारही ऋतू दाखवण्याबद्दल प्रसिद्ध असल्यामुळे हा आकडा सकाळी पाठ करून दुपारी विसरायचा असतो.

इतिहास थोडा हवाच, बोलण्याला वजन येतं (त्याला शिसं लागत नाही). 1861 सालचा पहिला विजेता आर्चर. हा घोडा शेकडो मैल चालत मेलबर्नला आला आणि जिंकला, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. तो बोटीनं आला होता. 1862 सालीही तोच जिंकला. 1863 साली तो धावणार असल्याच्या होकाराची तार सुट्टीमुळे उशिरा पोचली, म्हणून त्याला धावूच दिलं नाही; सिडनीकडच्या मालकांनी रागानं आपले घोडे काढून घेतले आणि उरले फक्त सात. सगळ्या अभ्यासात तारखात्याचा फॉर्म बघायचा राहून गेला होता.

इतकं झाल्यावर यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचा आणि नाव आवडेल तो घोडा घ्या. लाजू नका, शेवटी सगळे तिथेच येतात. मकायबी दिवा हे नाव तरी कुठून आलं? मालकाच्या कचेरीतल्या पाच बायकांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून. त्या नावावरून पैसे लावणारे तीन वर्षं जिंकले आणि वजनाचा तक्ता मांडणारे तीन वर्षं बोटं मोडत बसले.

पैशाचं गणित सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. बुकीनं दिलेला प्रत्येक भाव म्हणजे एक शक्यता. चोवीसही घोड्यांच्या शक्यतांची बेरीज करा, ती शंभर टक्क्यांच्या वर जाते. वरचं जे आहे ते बुकीचं घर. सगळ्या घोड्यांवर हिशेबानं पैसे वाटून लावलेत तर विजेता हमखास तुमचा, आणि तोटाही हमखास तुमचा. एवढ्यानं समाधान होत नसेल तर ट्रायफेक्टा आहे: पहिले तीन घोडे, बरोबर त्याच क्रमानं. चोवीस घोड्यांतून असे 12,144 क्रम निघतात. तुम्ही पाच घोडे निवडून त्यांचे सगळे उलटसुलट क्रम घेतलेत तर 60 होतात. साठ म्हटल्यावर काय भरभक्कम वाटतं! उरलेल्या 12,084 कडे बघू नका, चक्कर येते.

आता मुख्य काम, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पैसे लावलेत की ताबडतोब कारण तयार करा. नुसता हरलेला माणूस मूर्ख ठरतो. कारणासकट हरलेला माणूस जाणकार ठरतो, नि पुढच्या वर्षी लोक त्यालाच टीप विचारतात. कारण आधी लिहून ठेवलेलं बरं, म्हणजे घाईत ‘नशीब’ असा अडाणी शब्द तोंडून जात नाही. ‘पहिल्या वळणाला वेग फारच मंद पडला’ हे बहुतेक वर्षी चालतं. मंद पडला नसेल तर ‘फारच तेज झाला’. ‘मैदान त्याच्या मनासारखं नव्हतं’ हे तर खोडूनच काढता येत नाही, घोड्याला विचारणार कोण? फक्त 2015 सारखं वर्ष येऊ नये अशी प्रार्थना करा. त्या वर्षी प्रिन्स ऑफ पेन्झान्स एकाला शंभरच्या भावानं जिंकला आणि मिशेल पेन ही कप जिंकणारी पहिली महिला जॉकी ठरली. तिनं ज्यांना चुकीचं ठरवलं त्यांच्या रांगेत अभ्यासू लोक फार मागेपर्यंत उभे होते. 2024 साली नाइट्स चॉइस असाच एकाला नव्वदच्या भावानं येऊन गेला.

मंगळवारी दुपारी ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर पडद्यासमोर उभे राहा, वही बगलेत. तिथे चिठ्ठ्यांचा खेळ झालेला असतो: प्रत्येकाचे दोन डॉलर, डब्यात हात घालून एक घोडा. शर्यत सुटेल. तुमचा घोडा मध्यावर छान दिसेल, अगदी वहीत लिहिल्यासारखा. मग शेवटचे साडेचारशे मीटर लागतील, आणि बाजूनं एक घोडा निघेल ज्याला तुम्ही पहिल्याच पानावर लाल रेघ मारली होती. त्याची चिठ्ठी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या मुलीची. तुम्ही शेजारी जाऊन, अंतर, वजन आणि मैदान या तिन्ही बाबतींत हा घोडा का जिंकू शकत नव्हता ते तिला नीट समजावून सांगा. ती मान डोलवेल. पडद्याकडे बघतच विचारेल, ‘पण यांतला माझा कुठला?’