बलक सिंकमध्ये ओतणाऱ्यांनो

सकाळी एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून डोकं फिरलंय. फिटनेसवाले कुणी गुरुजी. सहा अंडी फोडली, पांढरं वाटीत घेतलं आणि सहाच्या सहा बलक हसत हसत सिंकमध्ये सोडले. वरून नळ चालू. खाली कमेंटमध्ये लाल बदामांचा पाऊस!

अहो, अंड्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन नावाचं पोषकद्रव्य, जवळपास सगळं लोह त्या पिवळ्यातच असतं. प्रथिनं म्हणाल तर तीही ४० टक्क्यांच्या आसपास बलकातच. म्हणजे ज्या प्रथिनांसाठी हा खटाटोप, तीच गटारात.

आमची आत्या हे बघून चक्कर येऊन पडली असती. अंडं फोडलं की ती टरफलाच्या आतून अंगठा फिरवायची आणि चिकटून राहिलेलं पांढरं निपटून घ्यायची. आम्ही पोरं खिदळायचो, "आत्या, आता टरफलं पण खायची का?" ती मान वर न करता म्हणायची, "ती झाडांची."

कोलेस्टेरॉल, कोलेस्टेरॉल ओरडू नका. रोजच्या ३०० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा आकडा अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांमधूनही २०१५-२०२० च्या आवृत्तीत गेला. डॉक्टरांनी बलक बंद केलाय त्यांनी खाऊ नये, ठीक. पण मग घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या की! नाहीतर चिमूटभर मीठ घालून फेटा आणि फ्रीजरमध्ये टाका. (मीठ किंवा साखर न घालता गोठवलात तर घट्ट चिकट गोळा होतो, मग मला शिव्या घालाल.) पांढऱ्याचे असले नखरे नाहीत, ते तसंच गोठवा.

आणि टरफलं. लोकमान्यांच्या गोष्टीत त्यांनी शेंगा खाल्ल्याच नव्हत्या. आपण अंडी खाल्लीत ना? मग उचला! टरफल म्हणजे जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. आत्या ती उकळायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि पार पिठासारखी दळायची. दळण्यालाच महत्त्व आहे. हाताने चुरून कुंडीत टाकलेले तुकडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. बारीक पूड मातीत मुरते, आंबट मातीत जरा लवकर.

बरं, पूड टाकली की झाड लगेच डोलायला लागतं असं नाही, मान्य. टोमॅटो बुडाशी काळे पडतात ते तर बहुतेकदा पाणी कधी जास्त, कधी कमी घातल्यामुळे. तिथे टरफलांना उगाच कामाला लावू नका.

चिडून लिहायला बसलो होतो, पण आत्याचा तो अंगठा आठवला की राग टिकत नाही. तिच्याकडे पैशाची चणचण होती म्हणून ती असं करायची, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नव्हतं. हातात पैसा खेळायला लागल्यावरही अंगठा फिरतच राहिला.

अंडी उकडलेलं पाणीही मी गार करून कुंड्यांना घालतो. चिकट म्हणा खुशाल. फक्त त्यात मीठ टाकलं असेल तर घालू नका, झाडं जळतील.