तुकोजीराव तीन होते, मामा

गेल्या आठवड्यात रामबागेतल्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुपारपर्यंत तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, रात्री बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर. इंदूरच्या मराठी घरांत तो सध्या सगळीकडे फिरतोय, म्हणून आधी तो जसाच्या तसा देतो:

"आपल्याला माहीत आहे का? अहिल्यादेवींचे शूर सेनापती, मल्हाररावांचे पुत्र, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये दान देऊन इंदुरात रेल्वे आणली. १८५७ मध्ये ते इंग्रजांशी लढले. पुढे एका नर्तकीच्या नादाने खून केला म्हणून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांनी बापाचा सूड म्हणून पुण्यावर चालून जाऊन पेशव्यांना पळवून लावले आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून जाब विचारला. एमवाय हॉस्पिटल याच वीराच्या नावाचे आहे. प्रत्येक इंदूरकराने शेअर करा."

खाली फोटो. फेटा बांधलेला, छातीवर पदकं, गालिचा पसरलेल्या स्टुडिओत उभा असलेला देखणा तरुण.

फोटोपासूनच सुरुवात करू. अहिल्यादेवींचे तुकोजीराव १७९७ साली वारले. कॅमेऱ्याने माणसाचे फोटो निघू लागले ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, तेही युरोपात. तेव्हा पदकंवाले ते गृहस्थ कोणीही असोत, अहिल्यादेवींचे सेनापती नव्हेत.

आता हिशेब. मुलगा मालेराव गेल्यावर १७६७ साली अहिल्यादेवींनी फौजेची सूत्रं तुकोजींकडे दिली. मेसेजातला खून १९२५ सालचा आणि गादी सुटली १९२६ ला. म्हणजे एकाच माणसाने १५९ वर्षं कारकीर्द केली. सेनापती होताना तो निदान विशीत तरी असणार, म्हणजे गादी सोडताना वय एकशेऐंशीच्या घरात. तेवढ्या वयात नर्तकीचा नाद करायचा म्हणजे कमालच म्हणायची.

गंमत बाजूला. होळकरांच्या घराण्यात तुकोजीराव नावाचे तीन राज्यकर्ते झाले. पहिले १७९५ ते १७९७, दुसरे १८४४ ते १८८६, तिसरे १९०३ ते १९२६. मेसेज लिहिणाऱ्याने तिघांना एका फेट्यात बसवलं.

"मल्हाररावांचे पुत्र" ही चूक मात्र समजण्यासारखी आहे. थोरल्या मल्हाररावांचा मुलगा खंडेराव, अहिल्यादेवींचे यजमान, कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली गेले. तुकोजी हे मल्हाररावांच्या पदरचे होळकर आडनावाचेच विश्वासू सरदार, पोटचे पुत्र नव्हेत. पण माळव्याचा कारभार पाहिलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की राज्याच्या मोठ्या शिक्क्यावर तुकोजींना मल्हाररावांचा पुत्र म्हटलं होतं, आणि वयाने मोठे असूनही ते अहिल्यादेवींना आई म्हणत. सासऱ्यांच्या जागी कारभार बाईंनी बघायचा, फौज तुकोजींनी सांभाळायची, आणि दोघांचं नातं शिक्क्याने बांधायचं, अशी ती सोय होती. त्या सोयीपुढे आपला मेसेजवाला फसला तर त्याला फार बोल लावता येत नाही.

"इंदूरचे महाराज" हे मात्र चूकच. तेव्हा राजधानी महेश्वरला होती. इंदूर राजधानी झालं १८१८ साली, इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर, दुसऱ्या मल्हाररावांच्या काळात. पहिल्या तुकोजींचं बहुतेक आयुष्य मोहिमांवर गेलं. १३ ऑगस्ट १७९५ ला अहिल्यादेवी गेल्या आणि दोन वर्षांनी तेही गेले. राजवाड्याच्या सज्जात उभं राहून मुजरे घेण्याएवढी फुरसत त्यांना मिळाली असेल असं वाटत नाही.

आता रेल्वे. हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा, कारण आमचे आजोबा खंडव्याहून याच मीटरगेजने इंदुरात आले आणि कायमचे इंदूरकर झाले. ही रेल्वे दुसऱ्या तुकोजीरावांची. भारतातली पहिली आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली १८५३ साली, पहिल्या तुकोजींना जाऊन ५६ वर्षं झाल्यावर. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली मुंबईच्या मुख्य लाइनवरच्या खंडव्यापासून इंदूरपर्यंत फाटा काढण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले. पण दान नव्हे हो, कर्ज! मुदत १०१ वर्षं, व्याज साडेचार टक्के. म्हणजे वर्षाला साडेचार लाख रुपये. जमीन तेवढी फुकट दिली. 'दान' हा शब्द मला का खटकतो सांगतो. त्या काळी देशातली अनेक संस्थानं इंग्रजांची देणेकरी होती, आणि इथे एक संस्थानिक इंग्रजांनाच सावकार म्हणून व्याजाने पैसे देतोय. शहरात गाडी येणार, कापूस आणि अफू बाहेर जाणार, वर व्याजही मिळणार. हा पक्का माळवी व्यवहार होता. त्याला दान म्हटलं की माणसाची हुशारी पुसली जाते आणि उरतो नुसता भोळा उदार राजा.

लाइनीचं नावच होळकर स्टेट रेल्वे. मोरटक्क्याजवळ नर्मदेवर पूल बांधला, तो १८७६ साली खुला झाला. पुढे पातालपाणीचा घाट, बोगदे, दरी. आज पावसाळ्यात पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडीत बसून पोरं धबधब्यापुढे सेल्फी काढतात, ती त्याच वाटेवर.

१८५७ चा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण मेसेजाने तो जितका सोपा केलाय तितका तो नाही. हेही दुसरेच तुकोजीराव, तेव्हा बावीस वर्षांचे. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला, तिथला इंग्रज एजंट ड्युरंड सिहोरकडे निघून गेला. हल्ल्यात होळकरांच्या फौजेतली माणसं होती, पुढारी सादत खान. त्याला १८७४ साली फाशी दिलं. ड्युरंडचा महाराजांवर संशय होता, पण सरकारने त्यांना दोषी धरलं नाही. उलट पुढे किताब दिला. महाराजांच्या मनात काय होतं यावर वाद घालायचा तर जरूर घाला, पण "लढले" असं छातीठोक लिहू नका. रेसिडेन्सीत ज्याचं नाव घ्यायला हवं तो सादत खान, आणि मेसेजात त्याचं नावच नाही.

खुनाची गोष्ट तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळातली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. गाडीत त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती. ती इंदूर दरबार सोडून आली होती आणि परत जायला तयार नव्हती. हल्लेखोर तिलाच न्यायला आले होते, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी नेमके त्या रस्त्याने आले, मारेकऱ्यांना भिडले, म्हणून ती वाचली. खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला, इंदूरशी संबंध असलेली माणसं दोषी ठरली. महाराजांवर मात्र खटला झाला नाही. सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या नावे गादी सोडली. तेव्हा "खून केला" हे कुठल्या कोर्टात सिद्ध झालेलं नाही, आणि "खुनाशी काही संबंधच नव्हता" असं म्हणायलाही जागा नाही. "नर्तकीच्या नादाने" हे शब्द मात्र मला चीड आणतात. जिच्या तोंडावर सुऱ्याचे वार झाले, दोष तिच्यावर!

आणि तिसऱ्या तुकोजीरावांची आठवण एवढ्या एका संध्याकाळीवर का थांबावी? त्यांच्याच कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आला. १९१८ साली त्याने शहराच्या रचनेचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते, दिवाळीला त्याने स्वच्छतेची मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा उंदीर मिरवला. स्वच्छतेत पहिला नंबर आला की आपण सराफ्यात पेढे वाटतो, पण गेडिसच्या उंदराची आठवण कोणी काढत नाही.

उरले यशवंतराव. इथे मेसेजवाल्याची मला दयाच आली, कारण मराठी माणसाची नेहमीची युक्तीही इथे चालत नाही. नुसत्या नावाने घोळ झाला की आपण बापाचं नाव मधे लावतो. सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत, तीन पदी नाव लिहिलं की माणूस सापडतो. पण पहिले यशवंतराव पहिल्या तुकोजींचे पुत्र, आणि दुसरे यशवंतराव तिसऱ्या तुकोजींचे. म्हणजे दोघंही यशवंतराव तुकोजीराव होळकर! दोघांच्या मधे शंभर वर्षांहून जास्त अंतर, आणि पूर्ण नाव अक्षरशः एक.

पहिले यशवंतराव १७७६ चे. पुण्यावर ते चालून गेले हे खरं, पण बापाच्या सुडासाठी नव्हे. बाप १७९७ लाच वारला होता. १८०१ साली पुण्यात त्यांचा भाऊ विठोजी याला दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव वसईला पळाला आणि वर्ष संपता संपता इंग्रजांशी तह करून बसला. हाच यशवंतराव पुढे इंग्रजांना भारी पडला, १८०४ साली कर्नल मॉन्सनची फौज त्याने पार उधळली. १८११ साली भानपुऱ्यात गेला, छत्री तिथेच आहे.

राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिणारे दुसरे यशवंतराव, जन्म १९०८. त्यांनी १९४२ साली रूझवेल्टना खुलं पत्र लिहिलं. माणिकबाग त्यांनीच जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतली. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, तोही यांच्याच पाठबळावर. एमवाय हॉस्पिटल म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, तेही यांच्याच नावाचं, हडपसरवाल्यांच्या नव्हे. रिक्षावाल्याला "एमवाय" म्हटलं की तो नेतो. "एमटीएच" म्हटलं की तुकोजीरावांच्या हॉस्पिटलला नेतो, एमटी क्लॉथ मार्केट म्हटलं की पुन्हा तुकोजीराव. आद्याक्षरांत नंबर मावत नाही, तिथूनच हा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या पोसला जातो.

खरं तर पहिले, दुसरे, तिसरे हे आकडे पुस्तकवाल्यांनी मागाहून लावलेले. त्या त्या काळी दरबारात एकच तुकोजीराव असायचे. आजोबा-पणजोबांचं नाव मुलाला ठेवायची आपली रीत, आणि दत्तक घेतलं तर नाव बदलायचं. बडोद्याला कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली गादीवर बसला तो सयाजीराव होऊनच, घराण्यातला तिसरा. घोळ टाळायला मराठीने आपले उपाय केले होते. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, थोरले बाजीराव आणि रावबाजी. कानावर पडलं की माणूस वेगळा कळतो. होळकरांच्या तुकोजींना असं बिरूद चिकटलं नाही, एवढंच.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, "अरे, पण फोटो तर छान आहे ना." मी म्हटलं, "फोटो छानच आहे, पण तो स्टुडिओतला आहे, मामा. पहिल्या तुकोजींना स्टुडिओ कुठला?" मामा हो म्हणाले. मेसेज काढला.

आज सकाळी पोहे खाताना मामांचा नवा मेसेज: "पानिपतातून परतलेल्या वीर मल्हाररावांनी महिदपूरला इंग्रजांशी दिलेली झुंज. नक्की वाचा."

मामा, पानिपत १७६१ चं, आणि ते मल्हारराव १७६६ ला आलमपूरला गेले. महिदपूर १८१७ चं. तिथले मल्हारराव अकरा वर्षांचे होते.